अठ्ठावीस पराभव: डेट्रॉइट पिस्टन्सचा २०२३-२४ चा हंगाम

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या डेट्रॉइट पिस्टन्सचा २०२३-२४ चा हंगाम मी मालवणात बसून जवळजवळ पूर्ण पाहिला. ८२ सामने, त्यातले ६८ पराभव. मी शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवतो. त्या वर्षी आमच्या मुली जिल्हास्तरावर पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या होत्या. आदल्या वर्षीही तेच झालं होतं. मी त्यांना जास्त धावायला लावलं, लेअप (धावत जाऊन रिंगखालून टाकायचे शॉट) वाढवले, ओरडलो, समजावलं. काही फरक पडेना. तेव्हा ठरवलं, की जिंकणाऱ्यांचे सामने थोडे दिवस बाजूला ठेवायचे आणि आदल्या हंगामात एनबीएच्या तळाला राहिलेला संघ चिकाटीने बघायचा.

हिवाळ्यात डेट्रॉइटचे संध्याकाळी सातचे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतात. मुली सरावाला सव्वासहापासून यायला लागतात. शाळेच्या पडवीत मोबाईल भिंतीला टेकवलेला, भोवती सात-आठ जणी, कुणाच्या मांडीवर बॉल, कुणाच्या डोळ्यांवर अजून झोप. दोन-तीन आठवडे गेल्यावर एकीने विचारलंच, "सर, ही टीम रोज हरता. मगे आपण तिकाच कित्याक बगतव?"

मी म्हटलं, "का हरते ते तू मला सांग, मग टीम बदलू."

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता हे प्रकरण तयार झालं. आता दर वर्षी नव्या मुली आल्या की मी ते मांडतो.

दुसरा प्रश्न नावाचा होता. जिचे वडील जेटीवर इंजिनं दुरुस्त करतात तिने विचारलं, पिस्टन म्हणजे होडीच्या इंजिनात असतो तोच का? तोच. फ्रेड झोलनर नावाच्या कारखानदाराची इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन इथे पिस्टन बनवणारी फॅक्टरी होती, संघ तिथलाच. १९५७ मध्ये तो डेट्रॉइटला आला. मोटारींच्या शहरात ते नाव शोभून दिसलं आणि राहिलं.

संघाची आधीची अवस्था

पिस्टन्स हा काही जन्माचा हरणारा संघ नाही. १९८९, १९९० आणि २००४ अशी तीन विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. पण २००८ नंतर प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, त्यांनी एकही सामना जिंकला नव्हता. मधल्या काळात त्यांनी जुना संघ मोडून ड्राफ्टमधून नवा उभारायचा मार्ग धरला.

ड्राफ्टची पद्धत इथे सांगायला हवी, कारण आपल्याकडे स्पर्धेत तळाला राहिलेल्याला बक्षीस मिळत नाही. एनबीएत दर वर्षी नवे खेळाडू संघांमध्ये वाटले जातात आणि आदल्या हंगामात मागे राहिलेल्या संघांना आधी निवडायची संधी मिळते. पहिले चार क्रमांक लॉटरीने ठरतात. सगळ्यात कमी सामने जिंकलेल्या तीन संघांना पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता सारखीच, १४ टक्के. तळाचा संघ फार तर पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो.

२०२१ मध्ये डेट्रॉइटला पहिला क्रमांक लागला आणि त्यांनी केड कनिंगहॅमला घेतलं. उंचापुरा, शांत, पास देण्यात तरबेज. पुढच्या वर्षी पाचव्या क्रमांकावर जेडन आयव्ही घेतला आणि तेरावा निवडला गेलेला जेलन ड्युरेनही संघात आणला. २०२२-२३ मध्ये कनिंगहॅमच्या नडगीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली, तो १२ च सामने खेळला आणि संघ १७-६५ वर थांबला, म्हणजे १७ विजय, ६५ पराभव. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांचे डोळे व्हिक्टर वेंबान्यामा या नव्या खेळाडूवर होते. सर्वात जास्त हरूनही लॉटरीत डेट्रॉइट थेट पाचव्या क्रमांकावर गेलं. वेंबान्यामा सॅन अँटोनिओला मिळाला, डेट्रॉइटने ऑसार थॉम्पसनला घेतलं.

मग मालक टॉम गोर्स यांनी पैसा ओतला. माँटी विल्यम्सना सहा वर्षांसाठी ७ कोटी ८५ लाख डॉलरवर प्रशिक्षक नेमलं. एनबीएच्या प्रशिक्षकाला तोवर एवढा मोठा करार मिळाला नव्हता. विल्यम्सनी फिनिक्सला २०२१ च्या अंतिम फेरीत नेलं होतं आणि २०२२ मध्ये ते वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले होते. म्हणजे या हंगामात डेट्रॉइट मुद्दाम हरत नव्हतं. फिलाडेल्फियाने २०१३ पासून तीन वर्षं मुद्दाम कमकुवत संघ उतरवून ड्राफ्टची वाट पाहिली होती, २०१५-१६ मध्ये १०-७२ पर्यंत घसरून. इथे तसं नव्हतं. डेट्रॉइटला जिंकायचं होतं, म्हणून हे प्रकरण अभ्यासाला घेतलं.

३० ऑक्टोबर ते ३० डिसेंबर

सुरुवात चांगली झाली होती. मायामीकडून एका गुणाने हार, मग शार्लट आणि शिकागोवर विजय. २-१. ३० ऑक्टोबरला ओक्लाहोमा सिटीकडून हरले आणि पुढे दोन महिने जिंकणं विसरले.

नोव्हेंबर पूर्ण कोरडा गेला. डिसेंबरमध्ये घरच्या मैदानावर प्रेक्षक मालकाला उद्देशून ओरडू लागले, संघ विका. २६ डिसेंबरला ब्रुकलिनविरुद्ध कनिंगहॅमने ४१ गुण केले आणि संघ ११८-११२ ने हरला. तो सलग सत्ताविसावा पराभव होता. एका हंगामात इतके सलग पराभव एनबीएत कुणी पाहिले नव्हते.

अठ्ठाविसावा बोस्टनमध्ये झाला. आपल्याकडे २९ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी सहा. त्या दिवशी सराव झालाच नाही. पुढे त्या हंगामात विजेता ठरलेल्या बोस्टनसमोर, त्यांच्याच घरी, डेट्रॉइट एका वेळी २१ गुणांनी पुढे होतं. मध्यांतराला ६६-४७. मुली उभ्या राहून बघत होत्या. मध्यांतरानंतर बोस्टनने आघाडी खाऊन टाकली आणि पुढे गेलं. शेवटच्या काही सेकंदांत बोयान बोगदानोविचने रिंगवरून परत आलेला बॉल टाकून बरोबरी साधली. ओव्हरटाइममध्ये १२८-१२२ ने हरले. पडवीत कुणी बोललं नाही. एकीने मोबाईल उचलून माझ्या हातात दिला आणि आम्ही वर्गाकडे गेलो.

३० डिसेंबरच्या रात्री, म्हणजे आपल्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी पहाटे, टोरोंटोवर १२९-१२७ असा विजय मिळाला. त्याच दिवशी टोरोंटोने ओजी अनुनोबीसह खेळाडूंची मोठी अदलाबदल केली होती, त्यामुळे त्यांचा संघ अपुरा होता. तरी विजय तो विजय. नोंद झाली ३-२९. हंगाम संपला तेव्हा १४-६८, या संघाच्या इतिहासातली सर्वात खालची.

बिघाड

आता मुख्य गोष्ट. मी दोन महिने वहीत काय लिहीत होतो, तर कनिंगहॅमकडे बॉल असताना इतर चौघे कुठे उभे आहेत, एवढंच. गुण, रिबाउंड सगळं सोडून दिलं होतं.

या मुलींना मी ते रापणीवरून समजावलं. मालवणात रापण कुणाला शिकवावी लागत नाही. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घेते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन्ही बाजूंनी ओढायला लागतात. ओढण्याची ताकद दिसते, म्हणून बघणारे ताकदीचं कौतुक करतात. पण जाळं मुळात रुंद पसरलंच नसेल, तर दोर कितीही ओढा, हाताला रिकामं जाळं लागतं.

डेट्रॉइटचं जाळं पसरतच नव्हतं. बास्केटबॉलमध्ये हल्ला करणाऱ्या खेळाडूला रिंगकडे घुसायला वाट हवी. ती वाट तेव्हाच मोकळी होते, जेव्हा बाकीचे खेळाडू तीन गुणांच्या रेषेबाहेर उभे राहतात आणि त्यांच्यावरच्या बचावपटूला त्यांना सोडून आत सरकायची भीती वाटते. ही भीती कोण निर्माण करतं? ज्याचा लांबून शॉट लागतो तो. थॉम्पसन अफाट उडी मारणारा, बचावात वाघ, पण त्या पहिल्या हंगामात त्याचे लांबचे शॉट २० टक्क्यांच्या आत लागत होते. प्रतिस्पर्धी त्याला बिनदिक्कत मोकळा सोडून द्यायचे आणि त्याचा बचावपटू रिंगखाली येऊन उभा राहायचा. सुरुवातीच्या पाचात घेतला जाणारा किलियन हेज, त्याचाही शॉट भरवशाचा नाही. म्हणजे आणखी एक बचावपटू मोकळा. ड्युरेनचा तर खेळच रिंगखालचा, त्याच्यावरचा माणूस आधीच तिथे. कनिंगहॅम घुसला की समोर तिघे.

मग काय होणार? पास अडकणार, बॉल हातातून जाणार, घाईत शॉट फेकला जाणार. बॉल गमावण्यात डेट्रॉइट लीगमधल्या वाईट संघांत होतं आणि तीन गुणांचे शॉट लावण्यातही तळाच्या गटात. लोकांनी याची दोन वेगवेगळी कारणं शोधली: मुलं बेफिकीर आहेत आणि मुलांचा नेम वाईट आहे. माझ्या मते आजार एकच होता. जागा नव्हती.

कबड्डी खेळणाऱ्यांना हे दुसऱ्या तऱ्हेने पटतं. सातही चढाईपटू घेऊन उतरलात, प्रत्येक जण चांगला असला, तरी डावा कोपरा कोण सांभाळणार? आमच्याकडच्या पोरांना प्रो कबड्डीतल्या तेलुगू टायटन्सचा २०२२ चा हंगाम तोंडपाठ आहे, २२ सामन्यांत २ विजय. तेव्हाही पाराखाली चर्चा एवढीच, की कुणाला काढा. संघ बसवताना काय चुकलं, हे कुणी विचारत नाही.

संघात नेम असलेले अनुभवी खेळाडू अगदीच नव्हते असं नाही. बोगदानोविच होता, पण दुखापतीमुळे डिसेंबर उजाडेपर्यंत तो मैदानात उतरला नाही. मॉन्टे मॉरिस हा शांत डोक्याचा गार्डही दुखापतीमुळे बाहेर. दोन अनुभवी माणसं आजारी पडली की कोसळावा इतका पातळ संघ बांधला, ती चूक त्यांच्या दुखापतीची नव्हे, बांधणाऱ्यांची.

प्रशिक्षकाचा वाटा

विल्यम्सना सगळा दोष देणं मला पटत नाही, पण त्यांचा वाटा लहानही नाही. दोन निर्णय मी वहीत लाल पेनाने लिहिले आहेत. पहिला, सुरुवातीचे आठवडे आयव्हीला बेंचवर ठेवून हेजला खेळवणं. आयव्ही वेगवान, शॉट हेजपेक्षा बरा, संघाने त्याच्यावर भवितव्य लावलेलं. बचावासाठी हेज हवा, हे म्हणणं समजतं. पण ज्या संघाला गुण करायला वाट सापडत नाही, त्याने आधी वाट मोकळी करायची. त्याच हेजला फेब्रुवारीत संघाने सोडून दिलं.

दुसरा निर्णय मला जास्त खटकला. मुख्य खेळाडूंना एकदम विश्रांती देऊन पाचच्या पाच बेंचवरचे खेळाडू एकत्र मैदानात उतरवायचे. कनिंगहॅमने जीव तोडून आठ गुणांची आघाडी मिळवावी, आणि तो पाणी प्यायला बसला की चार मिनिटांत ती नाहीशी व्हावी, हे इतक्यांदा झालं की मुली आधीच सांगायच्या, आता जातली. बॉल हातात धरून चौघांना सांभाळेल असा एक तरी माणूस प्रत्येक वेळी मैदानात हवा. शाळेच्या संघालाही हे कळतं. इतक्या अनुभवी माणसाने ते का केलं असेल, याचा मी खूप विचार केला. त्यांना बहुधा वाटत होतं, की हा हंगाम मुलांना शिकवण्याचा आहे आणि जिंकणं पुढे बघू. पण रोज हरून वीस-बावीस वर्षांची मुलं शिकतात ते एवढंच, की शेवटच्या क्वार्टरमध्ये काहीतरी वाईट होणार आहे.

जून २०२४ मध्ये विल्यम्सना काढलं. करारातली पाच वर्षं आणि साडेसहा कोटींहून जास्त डॉलर देणं बाकी होतं. संघबांधणी करणारे ट्रॉय वीव्हरही गेले.

दुरुस्ती

नवे प्रमुख ट्रेजन लँग्डन आले, प्रशिक्षक म्हणून जे. बी. बिकरस्टाफ. लॉटरीत डेट्रॉइट पुन्हा तळाला राहून पुन्हा पाचवं. सलग तिसऱ्या वर्षी पाचवा क्रमांक. नशिबावर विसंबायचं तर एवढ्यावर कपाळाला हात लावून बसायला हरकत नव्हती.

लँग्डननी केलं ते ऐकायला किरकोळ वाटतं. कनिंगहॅम, आयव्ही, ड्युरेन, थॉम्पसन, आयझेया स्टुअर्ट, सगळे ठेवले. त्यांच्या भोवती तीन माणसं आणली. टोबायस हॅरिस, ३२ वर्षांचा, पूर्वी याच संघात खेळलेला. टिम हार्डवे ज्युनियर, तोही ३२ चा, डलासने वर ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतले तीन क्रमांक देऊन सोडलेला. आणि मलिक बीस्ली, एका वर्षाच्या साध्या करारावर, ६० लाख डॉलर. एनबीएच्या हिशेबात ही चिल्लर. बीस्लीने त्या हंगामात तीन गुणांचे ३१९ शॉट लावले.

आता वाट मोकळी झाली. बीस्ली कोपऱ्यात उभा राहिला की त्याच्यावरचा बचावपटू एक पाऊलसुद्धा आत टाकत नाही. कोपऱ्यातून एनबीएची तीन गुणांची रेषा रिंगपासून २२ फूट, समोरून पावणेचोवीस फूट. म्हणजे कोपरा जवळचा, तिथला मोकळा शॉट प्रतिस्पर्ध्याला सगळ्यात महाग पडतो. कनिंगहॅम तोच, त्याचं घुसणं तेच. समोर तिघांऐवजी एक. त्याचे सामन्यामागे २२.७ गुण होते ते २६.१ झाले, ज्यावर थेट गुण झाले असे पास ७.५ वरून ९.१. लोक म्हणाले, केड सुधारला. सुधारला असेलही. पण मी दोन्ही हंगामांची वही शेजारी ठेवून बघितली, फरक त्याच्या आजूबाजूला होता.

१ जानेवारी २०२५ ला आयव्हीच्या पायाचं हाड मोडलं. आदल्या वर्षी दोन दुखापतींनी कोसळलेला संघ या वेळी उभा राहिला. हंगाम संपला तेव्हा ४४-३८. एका वर्षात विजय तिप्पट करणारा हा एनबीएचा पहिला संघ.

२२ एप्रिलच्या पहाटे न्यूयॉर्कविरुद्ध प्लेऑफचा दुसरा सामना होता. परीक्षेचे दिवस आणि घरोघरी आंब्याच्या पेट्या भरायची घाई, म्हणून पडवीत आम्ही चौघंच. डेट्रॉइट १००-९४ ने जिंकलं. प्लेऑफमध्ये सलग १५ पराभवांनंतरचा तो विजय, २००८ नंतरचा पहिला. मालिका पुढे ४-२ ने हरले, त्यातला चौथा सामना एका गुणाने. त्याचं वाईट वाटलं, पण २०२३ च्या डिसेंबरसारखं नाही.

आमच्या मैदानावर

माझ्या संघाची कर्णधार दोन वर्षं एकटीच घुसायची. बॉल घेतला की खाली मान घालून थेट गर्दीत. पास देत नाही म्हणून मी तिला सगळ्यांसमोर ओरडलो होतो, स्वार्थी म्हटलं होतं. बोस्टनच्या सामन्यानंतर काही दिवसांनी मी आमच्याच जिल्ह्याच्या सामन्याचं मोबाईलवर घेतलेलं चित्रण पुन्हा लावलं आणि तिच्याकडे न बघता इतर चौघींकडे बघितलं. चौघीही रिंगखाली. सगळ्यांना मी लेअपच शिकवले होते, त्यामुळे सगळ्या जिथे लेअप होतो तिथेच जाऊन उभ्या. तिला पास द्यायला कुणी नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून सरावाला वेळेआधी यायला लागली.

एकीने घरून रापणीच्या जुन्या दोराचा तुकडा आणला. पाच जणींनी तो धरून रेषेबाहेर गोल करायचा, दोर जमिनीला लागता कामा नये. एक मुलगी आत, तिने धावत जाऊन बॉल असलेलीला हात लावायचा. दोर सैल असला की आतली एका झेपेत पोचते, ताणलेला असला की बॉल तिच्या आधी पुढे गेलेला असतो. पंधरा मिनिटांत त्यांना जे कळलं, ते मला दोन वर्षं फळ्यावर काढून सांगता आलं नव्हतं.

आणि आमच्याकडेही एक बीस्ली होती. धावायला मंद म्हणून मी तिला कायम बेंचवर ठेवलं होतं. सराव संपल्यावर सगळ्या गेल्या की ती एकटी कोपऱ्यातून शॉट मारत बसायची. खाऱ्या हवेने गंजलेली आमची रिंग, जाळी कधीच कुजून गेलेली, त्यामुळे बॉल गेला की आवाजही होत नाही. म्हणून असेल, मी कधी नीट बघितलं नाही. आता ती पहिल्या पाचात आहे. जिल्ह्याला आम्ही दुसऱ्या फेरीपर्यंत गेलो, तिथे हरलो, पण शेवटच्या मिनिटापर्यंत तीन गुणांच्या फरकात होतो.

तिने उभं राहायच्या जागेवर विटेच्या तुकड्याने फुली मारली होती. पावसात ती पुसली जायची, मग ती पुन्हा मारायची. यंदा नारळी पौर्णिमेआधी घरच्या होडीला रंग देऊन थोडा उरला, तो ती डबा घेऊन मैदानावर आली. सिमेंटवर आता निळी फुली आहे, दोन्ही कोपऱ्यांत.